फॉरमॅट मारण्याआधी : जुने फॉन्ट, मुळशी आणि वाचता न येणारी मराठी

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा जे पीएमपीत चढल्यावर हेडफोन घरी राहिल्याचं आठवून हळहळले, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातलं थोडं पाल्हाळ कापलंय. सगळं नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. तुम्ही हे फोनवर वाचताय, त्यामुळे म्हणाल, आम्हाला काय त्याचं? पण घरात, ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत, देवस्थानच्या खोलीत कापडी कव्हर घातलेला एक डेस्कटॉप असतोच. त्याचं आता काय करायचं, हे घरातल्या ‘कम्प्युटर कळणाऱ्या’ पोराला किंवा पोरीला, म्हणजे तुम्हालाच, विचारलं जातं. आणि आपलं उत्तर ठरलेलं असतं : ‘सी ड्राइव्ह फॉरमॅट मारू. डीला हात लावायचा नाही, डीवर डेटा आहे.’

आज या एका वाक्याचा इतिहास बघू. हे वाक्य इंग्रजी फाइलींसाठी बरोबर आहे. मराठी फाइलींच्या बाबतीत साधारण पंधरा वर्षं ते चुकीचं होतं, आणि त्या काळात डी ड्राइव्हवर सुखरूप असलेली कितीतरी मराठी कुणालाही वाचता येईनाशी झाली.

उदाहरणाला मुळशी तालुका घेऊ. कारण हा तालुका म्हणजे मराठी आणि कम्प्युटर यांच्या नात्याचा नकाशाच आहे. पूर्वेला हिंजवडी, माण, राजीव गांधी इन्फोटेक पार्क. तिथे बसून लोक परदेशी बँकांची, विमान कंपन्यांची सॉफ्टवेअर लिहितात. पश्चिमेला मुळशी धरण आणि ताम्हिणीचा घाट. मध्ये पिरंगुट, आणि तालुक्याचं ठिकाण असलेलं पौड. तहसील कचेरी आली की आजूबाजूला काय येतं, तुम्हाला माहितीय : झेरॉक्सची दुकानं, स्टॅम्पवाले, दस्त लिहून देणारे, ‘येथे मराठी टायपिंग करून मिळेल’ अशा पाट्या. हिंजवडीमुळे जमिनीचे भाव चढले आणि तालुक्यात कागदाला कधी नव्हे इतकी किंमत आली. वाटणीपत्र, हक्कसोड, भाडेकरार, संस्थेचं इतिवृत्त. टायपिंगवाल्याला उसंत नव्हती. पण त्या दुकानातलं मशीन मराठी नेमकी कशी साठवत होतं, हे दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं म्हणा.

ते कळण्यासाठी थोडं मागं जाऊ.

१९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झालं. आपल्याला त्याची एक गोष्ट पाठ असते : अमेरिकेने सुपरकम्प्युटर द्यायला खळखळ केली, मग विजय भटकर आणि मंडळींनी १९९१ मध्ये ‘परम’ उभा केला. छान गोष्ट आहे. पण त्याच संस्थेचं दुसरं काम मला जास्त मोठं वाटतं, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी केलेलं काम सी-डॅकमध्ये आलं आणि ‘जिस्ट’ या नावाने वाढलं. जिस्टचं एक कार्ड यायचं. ते पीसीच्या आत खाचेत बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची.

त्यामागची कल्पना शहाणपणाची होती. अक्षर कसं *दिसतं* ते साठवायचं नाही, कसं *उच्चारलं जातं* ते साठवायचं. ‘शि’ लिहिताना वेलांटी डावीकडे दिसते, पण आपण आधी ‘श’ म्हणतो आणि मग ‘इ’. म्हणून साठवतानाही आधी श, मग वेलांटी. पडद्यावर कशी मांडायची हे मशीन बघेल. या पद्धतीचं प्रमाणक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने काढलं. त्याचं नाव इस्की. त्याच वर्षी जगासाठी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि त्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावरून घेतलेली होती. आज तुम्ही व्हॉट्सॲपवर ‘जेवलास का’ लिहिता तेव्हा आतून हीच मांडणी वापरली जाते.

म्हणजे बरोबर रस्ता १९९१ मध्येच सापडला होता. मग गावोगावच्या दुकानांतली मराठी दुसऱ्याच रस्त्याने का गेली?

कारण बाजाराला घाई होती. विंडोज ३.१ आणि ९५ आलं, पेजमेकर आला, लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं पडद्यावर जुळवता येऊ लागली. पण त्या विंडोजला देवनागरी जोडता येत नव्हती. तिला एक अक्षर म्हणजे एक चित्र एवढंच कळायचं, आणि चित्रांसाठी घरं होती २५६. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक जुगाड काढला. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठीचे तुकडे बसवून टाकले. एका घरात क, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात अर्धा स, चौथ्यात रफार. मशीन समजायचं आपण इंग्रजी ‘डी’ दाबलाय, पडद्यावर मराठी तुकडा उमटायचा.

मशीनच्या दृष्टीने फाइलमध्ये मराठीचं एक अक्षरही नव्हतं. होती ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. मराठी होती फक्त फॉन्टच्या फाइलीत. सगळी मेख इथे आहे.

त्यात प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या मर्जीने बसवले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळूरच्या सायबरस्केपची आकृती, सी-डॅकचं आयएसएम, फुकट मिळणारा आणि म्हणून घरोघरी पोचलेला किरण फॉन्ट. एकाचा ‘क’ दुसऱ्याचा ‘ढ’ असू शकायचा. श्रीलिपीसारख्या पॅकेजबरोबर मशीनच्या मागे लावायचा एक डोंगल यायचा. तो हरवला की पॅकेज बंद.

यात फॉन्टवाल्यांना दोष द्यायला मी तयार नाही. त्यांनी काढलेली अक्षरं देखणी होती, आणि त्या दहा-पंधरा वर्षांत मराठी छपाई त्यांच्याच जिवावर चालली. खिळे जुळवणाऱ्या छापखान्यापासून डीटीपीपर्यंतची उडी त्यांनी मारून दिली. पण उडी मारताना किल्ली घराबाहेर राहिली. मजकूर डी ड्राइव्हवर, आणि तो वाचायची किल्ली सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये, फॉन्ट्स नावाच्या कप्प्यात. सिस्टिमच्या फाइलींमध्ये मिसळून.

आता आपलं सुरुवातीचं वाक्य पुन्हा वाचा. सी फॉरमॅट मारू, डीवर डेटा आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून पुण्यात पीसी दुरुस्ती हा चांगला धंदा होता, आणि साफसफाई हा त्याचा गाभा. क्विक हीलची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले, मग स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस फार, म्हणून धाकटे भाऊ संजय यांनी ते साफ करणारा प्रोग्राम लिहिला. त्यातूनच पुढे शेअर बाजारात नोंदलेली कंपनी उभी राहिली. थोडक्यात, ‘मशीन साफ करून द्या’ ही पुण्याची खरीखुरी गरज होती. विंडोज ९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच डिस्क क्लीनअप दिलं. २००४ मध्ये सीक्लीनर आला आणि सायबर कॅफेतल्या प्रत्येक पोराचा लाडका झाला. (२०१७ मध्ये याच सीक्लीनरच्या अधिकृत आवृत्तीत चोरांनी मालवेअर घुसवलं होतं. झाडूलाच घाण लागली म्हणायची.)

या साफसफाईला कारणही होतं. एकच सिस्टिम फाइल चार प्रोग्राम वाटून घ्यायचे. नवा प्रोग्राम आला की आपली आवृत्ती जुनीवर चढवायचा आणि जुने तीन लंगडायचे. एखादा प्रोग्राम काढताना खिडकी यायची : ही सामायिक फाइल आता कुणी वापरत नाही असं दिसतंय, काढून टाकू का? ‘दिसतंय’ या शब्दावर विसावून आपण ‘हो’ दाबायचो, आणि दुसऱ्या दिवशी प्रिंटर बंद.

त्यातून रामबाण म्हणून फॉरमॅट आला. मशीन स्लो? फॉरमॅट. व्हायरस? फॉरमॅट. दुरुस्तीवाला विंडोजची सीडी घेऊन यायचा, तासा-दोन तासांत मशीन नवंकोरं करून जायचा. डी ड्राइव्ह खरंच शाबूत असायचा. मग कुणीतरी संस्थेच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त उघडायचं, आणि समोर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, पौंडाची खूण, कॉपीराइटचा गोल यांची खिचडी. ‘फाइल करप्ट झाली’ असं समजून ती डिलीट व्हायची. फाइल धडधाकट असायची. गेलेला असायचा फॉन्ट.

यातला एक तपशील विचित्र आहे. बऱ्याच फॉन्टांत मराठी आकडे इंग्रजी आकड्यांच्याच घरांत बसवलेले होते. त्यामुळे फॉन्ट गेला तरी आकडे वाचता यायचे. जमिनीच्या मसुद्यात गट नंबर दिसतो, क्षेत्र दिसतं, रक्कम दिसते. माणसाचं आणि गावाचं नाव तेवढं दिसत नाही.

सिस्टिम फाइलींमधली दुसरी बिचारी फाइल म्हणजे यूएसपी-टेन-डॉट-डीएलएल. हिचं काम अक्षरं जोडणं : वेलांटी डावीकडे नेणं, रफार डोक्यावर चढवणं, जोडाक्षर बांधणं. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टबरोबर ही आली आणि विंडोजला पहिल्यांदा खरी मराठी कळू लागली. एक्सपीतही ती होती, पण भारतीय लिप्यांचा सपोर्ट वेगळी टिचकी मारून चालू करावा लागे, आणि त्यासाठी विंडोजची सीडी लागे. सीडी कुणाकडे? दुरुस्तीवाल्याकडे! त्यामुळे कितीतरी मशीनवर युनिकोड मराठी मोडक्या अवस्थेत दिसायची, वेलांट्या भलतीकडे, जोडाक्षरं तुटलेली. लोक म्हणायचे, ‘हे युनिकोड काही खरं नाही, आपला जुना फॉन्टच बरा.’ काही जण त्या डीएलएलची नवी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेऊन फिरायचे आणि प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये चिकटवायचे. २००७ मध्ये व्हिस्टा आलं तेव्हा ही टिचकीची भानगड संपली. फोनवर मात्र हाच खेळ पुन्हा झाला. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर मराठी मेसेज म्हणजे नुसत्या चौकटी. तुमच्यातल्या थोरल्यांना आठवत असेल.

युनिकोडमध्येही सगळं पहिल्या दिवसापासून नव्हतं. ‘ॲप’ मधला हा ‘ॲ’ २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये आला, मराठीसाठी. त्याआधी अ वर चंद्र द्यायला गेलं की काही प्रोग्राम मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ काढून निषेध नोंदवायचे. २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हेच प्रमाणक म्हणून जाहीर केलं आणि मग जुने फॉन्ट सरकारी दृष्टीनेही ‘आउटडेटेड’ झाले.

मग काय, बदला की रूपांतर करून! इथे खरी मेहनत आहे. जुन्या फॉन्टात ‘शिवार’ लिहिलं की फाइलीत आधी वेलांटी, मग श. युनिकोडमध्ये उलट. ‘वर्ष’ मध्ये जुना रफार ष च्या नंतर साठवलेला, युनिकोडमध्ये र् आधी आणि ष नंतर. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला ही उलथापालथ अचूक करावी लागते. साध्या शब्दात जमतं. विशेषनामात चुकतं. आणि कागदपत्रांमध्ये विशेषनामांशिवाय असतं काय?

महाराष्ट्राने हा धडा सातबाऱ्यावर शिकला, थोड्या वेगळ्या रूपात. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून होणारा हा उतारा कम्प्युटरवर आला, पण तलाठ्याच्या हातच्या उताऱ्याशी तो सगळीकडे जुळेना. नावात काना जास्त, क्षेत्रात टिंब भलतीकडे. ते तपासायचं कसं? त्यावर जो उपाय निघाला तो मला फार आवडतो. चावडी वाचन. २०१७ मध्ये राज्यभर गावांत कम्प्युटरवरचे सातबारे लोकांसमोर मोठ्याने वाचून दाखवले गेले. ज्याची जमीन, त्याने ऐकायचं आणि चूक सांगायची. त्यानंतर १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला, जो आज तुम्ही फोनवर काढता. एवढ्या सॉफ्टवेअरच्या गोतावळ्यात शेवटची तपासणी झाली ती माणसाच्या कानांनी.

सातबारा सरकारचा, म्हणून तो वाचला. नोंदणी झालेल्या दस्ताची प्रत दुय्यम निबंधकाकडे असतेच. ज्याच्यामागे सरकार नव्हतं, त्याचं काय?

मुळशीत ते कमी नाही. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, इथे मुळशी सत्याग्रह सुरू झाला. टाटांचं धरण, मुंबईच्या गिरण्यांना वीज, आणि पाण्याखाली जाणारी मावळ्यांची भातखाचरं. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे ही नावं आपल्याला पुस्तकातून कळतात. पण अशा तालुक्यात गावोगावच्या हकिगती असतात : कुणाचं खाचर कुठे होतं, कुठलं देऊळ वर हलवलं, कुठल्या घराण्यातला कोण तुरुंगात गेला. म्हातारी माणसं सांगायची. नव्वदीत आणि त्यानंतर अशा आठवणी लिहिल्या जायच्या त्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत, देवस्थानच्या पुस्तिकेत, कुलवृत्तांतात. मजकूर टाइप व्हायचा पौडात नाहीतर पुण्यात, पेजमेकरमध्ये, जुन्या फॉन्टात. पाच-सातशे प्रती छापायच्या, वाटायच्या, संपल्या. उरायची फाइल. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे. म्हणजे तिथे दोन किल्ल्या लागतात, फॉन्ट आणि प्रोग्राम.

याच खोऱ्याने असं एकदा आधी बघितलंय. सत्याग्रहाच्या आधीच्या पिढ्यांचे कितीतरी घरगुती आणि जमिनीचे कागद मोडीत आहेत. मोडी व्यवहारातून गेली, आणि दोन पिढ्यांत नातवाला आजोबांची सही वाचता येईना. तरी मोडीचं नशीब बरं. कागद टिकला, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी मोडी शिकवणारे राहिले, आणि २०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्येही आली. आज पंचवीस वर्षांचा मुलगा मनावर घेऊन मोडी शिकतो आणि दोनशे वर्षांपूर्वीचा कागद वाचतो. पण त्याच मुलाच्या वडिलांनी २००३ मध्ये टाइप केलेली फाइल त्याला उघडून वाचता येत नाही. मला तरी हे अजब वाटतं.

बरं, आता कामाचं बोलू. समोर डेस्कटॉप आहे आणि तुम्हाला तो साफ करायचाय. टेम्प फाइली, जुन्या अपडेटचा साठा, अपग्रेडनंतर राहिलेलं विंडोज-डॉट-ओल्ड, हे डिस्क क्लीनअपमधून बिनधास्त काढा. विंडोज फोल्डरमध्ये हाताने शिरून डीएलएल उडवू नका. विन-एस-एक्स-एस नावाचं लठ्ठ फोल्डर दिसेल, त्याला तर नकोच. रजिस्ट्री साफ करणाऱ्या फुकट प्रोग्रामांच्या नादी लागू नका, वाचणारी जागा नगण्य आणि धोका खरा. आणि सगळ्यात आधी, फॉरमॅटच्याही आधी, सी ड्राइव्हच्या विंडोजमधला फॉन्ट्स कप्पा उचलून पेन ड्राइव्हवर ठेवा. सगळा. निवडत बसू नका, कुठली किल्ली कुठल्या कुलपाची ते आत्ता कळणार नाही. डोंगल सापडला तर तोही भंगारात देऊ नका.

फॉन्ट आधीच गेला असेल तर? वर्डची फाइल उघडा, त्या खिचडीवर कर्सर ठेवा आणि वर फॉन्टचं नाव बघा. फॉन्ट मशीनवर नसला तरी फाइलीला त्याचं नाव आठवत असतं. ‘श्री-देव’ आणि पुढे आकडा दिसला तर श्रीलिपी. ‘डीव्ही-टीटी’ने सुरू होत असेल तर सी-डॅक. नाव कळलं की तो फॉन्ट, किंवा त्याला युनिकोडमध्ये बदलणारं साधन शोधता येतं. ज्याची पीडीएफ काढलेली आहे ती बहुतेक वेळा नीट दिसेल, कारण फॉन्ट तिच्या पोटातच असतो. पण त्यातून मजकूर कॉपी करून बघा. बाहेर येते ती खिचडीच.

रूपांतर झालं की मूळ फाइल आणि नवी फाइल दोन्ही ठेवा, आणि नव्या फाइलीत चार गोष्टी तपासा : वेलांटी, रफार, ‘दुसऱ्या’ मधला तो अर्धा र, आणि आकडे. मग स्मरणिका असेल किंवा कुलवृत्तांत, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवा आणि मोठ्याने वाचा. गावांची नावं, शेतांची नावं, माणसांची नावं. प्रोग्रामने कुठे काना गिळलाय, कुठला रफार शेजारच्या अक्षरावर टाकलाय, ते आजीला लगेच ऐकू येईल. ती सांगेल ते तिथेच दुरुस्त करा, फाइल सेव्ह करा, आणि मग खुशाल सी ड्राइव्ह फॉरमॅट मारा.